वीस वर्षं, पंच्याहत्तर रुपये

नेहमीप्रमाणे हा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो त्यांच्यासाठी खाली लिहून देतोय. बोलण्यातले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" जमेल तितके काढलेत.

मागच्या काही भागांनंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. ही मोठी माणसं, ज्यांच्या नावाचे रस्ते आणि कॉलेजं आहेत, त्यांना आपण कशासाठी जगतोय हे इतकं स्पष्ट कसं काय कळलं? आणि कळलं तर कळलं, ते आयुष्यभर टिकलं कसं? कारण आपलं असं होतं की रविवारी रात्री एखादा जबरदस्त व्हिडिओ बघून आपण पेटून उठतो आणि सोमवारी सकाळच्या स्टँडअप मीटिंगपर्यंत विझलेलो असतो.

मी इंजिनिअर माणूस. त्यामुळे "त्यांच्यात एक ज्योत होती" वगैरे उत्तराने माझं समाधान होत नाही. मला बघायचं असतं की सिस्टीम कशी होती. रोज सकाळी उठून प्रेरणा शोधावी लागू नये, अशी काही व्यवस्था त्यांनी केली होती का?

तर हो, केली होती. चक्क कागदावर केली होती. त्या व्यवस्थेत एक आकडा होता, एक मुदत होती आणि भरपूर भांडणंही होती. आजचा भाग त्या व्यवस्थेवर.

करार

गोष्ट सुरू होते १८७० च्या दशकाच्या शेवटी, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. दोन मुलं, दोघंही १८५६ साली जन्मलेली. एक रत्नागिरीचा, बाळ गंगाधर टिळक. दुसरा कराडजवळच्या टेंभूचा, गोपाळ गणेश आगरकर. टिळकांच्या घरची परिस्थिती बरी होती. आगरकरांची इतकी वाईट होती की शिक्षणासाठी त्यांना मिळेल ते काम करावं लागलं. दोघांच्या रात्र रात्र गप्पा चालायच्या. विषय एकच, शिकून झाल्यावर करायचं काय?

त्या काळात बी. ए. झालेल्या माणसाला सरकारी नोकरी म्हणजे जवळजवळ ठरलेलीच. आज कॅम्पसमधून ऑफर लेटर हातात पडतं, तसं. आगरकरांनी आईला लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा, की मुलगा शिकला, आता पैसाच पैसा येईल असं तुला वाटत असेल, पण मी पोटापुरत्या पैशावर समाधान मानून बाकीचा वेळ दुसऱ्यांसाठी घालवणार आहे. जरा कल्पना करा, तुमच्या आईला असा मेसेज पाठवायचाय. आणि घरी कर्ज आहे.

तिकडे विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेतली नोकरी सोडून पुण्यात येत होते. निबंधमालेमुळे त्यांचं नाव गाजत होतं. ही मंडळी एकत्र आली आणि जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. महादेव बल्लाळ नामजोशीही त्यात होते, पुढे वामन शिवराम आपटे आले. १८८१ च्या जानेवारीत केसरी आणि मराठा ही वर्तमानपत्रं निघाली. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात बदनामीच्या खटल्यात टिळक-आगरकरांना शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून दोघं बाहेर आले. त्याच वर्षी मार्चमध्ये चिपळूणकर गेले होते. वय फक्त ३१.

आता विचार करा. संस्थापक गेला, दोघं तुरुंगात जाऊन आले, शाळा जोरात वाढतेय. अशा वेळी बहुतेक ग्रुप काय करतात? एक तर फुटतात, नाहीतर सगळं एका माणसाच्या उत्साहावर चालू राहतं आणि तो थकला की संपतं. यांनी तिसरी गोष्ट केली. २४ ऑक्टोबर १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू केलं.

या सोसायटीत एक पद होतं, आजीव सदस्य. इंग्रजीत लाइफ मेंबर. नावात 'आजीव' असलं तरी बांधिलकी वीस वर्षांची. वीस वर्षं इथेच शिकवायचं आणि पगार महिन्याला साधारण ७५ रुपये. जोडीला आयुर्विम्याची सोय. बाहेर याच शिक्षणावर याच्या कित्येक पट मिळत असताना, हे.

आपल्या भाषेत हा सर्व्हिस बाँड झाला. फरक एवढाच की आपला बाँड कंपनी आपल्यावर लादते आणि दोन वर्षं झाली की आपण पळतो. इथे बाँड यांनी स्वतःच स्वतःसाठी लिहिला.

कागदाने काय बदललं?

मला यातली खरी गंमत पगार कमी असण्यात वाटत नाही. कमी पगारात आयुष्य काढणारे लाखो लोक तेव्हाही होते, आत्ताही आहेत. गंमत अशी की पैशाचा प्रश्न त्यांनी एकदाच, आणि सगळ्यांसमोर, सोडवून टाकला.

आपण तो प्रश्न रोज सोडवत असतो. लिंक्डइन उघडलं की मित्राचं नवीन पद दिसतं. अप्रेझल झालं की शेजारच्याला किती टक्के मिळाले याची चौकशी होते. ही ऑफर घेऊ, की नोटीस पिरियडमध्ये अजून एक शोधू? मीही यातून जातो, हिंजवडीच्या बसमध्ये निम्म्या गप्पा याच असतात. त्यात चूक काही नाही, घराचे हप्ते सगळ्यांनाच आहेत. पण डोक्यातली किती जागा हा एक प्रश्न खातो, ते बघा. ७५ रुपये ठरले आणि त्या माणसांच्या डोक्यातली ही जागा मोकळी झाली.

बरं, हे ७५ म्हणजे नक्की किती? इथे एक दुसरा आकडा ठेवतो. गोपाळ कृष्ण गोखले, जन्म १८६६, गुहागरजवळच्या कोतळूकचे. वडील लवकर गेले. मोठा भाऊ गोविंदराव याने शिक्षण सोडलं, महिना १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये गोपाळला शिक्षणासाठी पाठवायला लागला. पंधरातले आठ! घर उरलेल्या सातात. तर ७५ म्हणजे गोविंदरावांच्या पगाराच्या पाच पट. म्हणून हा त्याग खरा असला, तरी ती उपासमार नव्हती. चांगल्या सरकारी नोकरीशी तुलना केली की तो त्याग दिसतो.

आणि हेही सांगायला हवं की असा करार करता येणं हीच एक चैन होती. आधी पदवी हवी, मग ती नाकारायची. या मंडळात सगळे पुरुष, आणि जवळपास सगळे ब्राह्मण. त्याच पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली होती, ती कोणत्याही सोसायटीच्या पगाराशिवाय आणि लोकांच्या शिव्या खात. ज्यांना शाळेच्या दारातच अडवलं जात होतं, त्यांना "कमी पगारावर समाधान माना" हे सांगणं म्हणजे थट्टाच झाली असती. हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

भांडण

करार झाला की सगळं गोडीगुलाबीने चाललं असेल असं वाटतं ना? अजिबात नाही.

टिळकांचं म्हणणं कडक होतं. आजीव सदस्य झालात ना, मग बाहेर पैशाचं काम करायचं नाही. सगळा वेळ आणि सगळी ताकद संस्थेला. दुसऱ्या बाजूच्यांचं म्हणणं होतं की घर वाढतं, खर्च वाढतो, संस्थेचं काम नीट करून कुणी फावल्या वेळात पुस्तक लिहून चार पैसे मिळवले तर काय बिघडलं? होळकर महाराजांकडून आलेल्या देणगीवरून वाद झाला, ती व्यक्तींना दिलेली की संस्थेला? मग गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं, त्यावरून ठिणगी पडली. त्याआधीपासून सामाजिक सुधारणांवरून टिळक आणि आगरकर यांचं फाटलं होतंच. आगरकरांनी १८८७ मध्ये केसरी सोडला आणि १८८८ मध्ये स्वतःचं सुधारक पत्र काढलं.

शेवटी १८९० मध्ये टिळकांनी लांबलचक पत्र लिहून राजीनामा दिला. जो माणूस करार सगळ्यात जास्त मनावर घेत होता, तोच बाहेर पडला.

शाळेच्या पुस्तकात हे दोन ओळींत संपतं, 'मतभेद झाले.' मला मात्र वाटतं की या ग्रुपबद्दल सगळ्यात जास्त इथेच कळतं. ही माणसं एकमेकांना हिशोब विचारत होती. तू ठरवलेलं काय, आणि करतोयस काय? आपल्यापैकी किती जणांच्या आयुष्यात असा मित्र आहे, जो पगार वाढला म्हणून पार्टी मागण्याऐवजी हा प्रश्न विचारेल? असा मित्र त्रासदायकच असतो. टिळक आणि आगरकर एकमेकांना नक्कीच त्रासदायक होते. पण दोघांपैकी कुणीही उद्या उठून आपला मूळ हेतू गुपचूप गुंडाळून ठेवू शकला नसता, कारण समोरचा बघत होता आणि वर्तमानपत्रात लिहीत होता!

पुढचं बघा. टिळकांनी केसरी आणि मराठा कर्जासकट स्वतःकडे घेतले आणि पोटासाठी वकिलीच्या परीक्षेचे क्लास चालवले. आगरकर १८९२ मध्ये आपट्यांच्या निधनानंतर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दम्याने जर्जर झालेले, आणि सुधारकातल्या लेखनाने सनातनी लोक इतके चिडलेले की त्यांनी आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. १७ जून १८९५ ला ते गेले. वय ३८. केसरीत मृत्युलेख लिहिला तो टिळकांनी.

मुदत संपते तेव्हा

आता गोखल्यांकडे येऊ. आजीव सदस्यत्वाचा एक भाग आपण नेहमी विसरतो. त्याला शेवट होता.

गोखले तरुणपणीच संस्थेत आले. इंग्रजी शिकव म्हटलं तर इंग्रजी, गणित म्हटलं तर गणित, इतिहास-अर्थशास्त्र म्हटलं तर ते. याच काळात न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली सरकारी आकडेवारी कशी वाचायची हे शिकले. रानडे चुका काढायचे, पुन्हा करून आणायला सांगायचे. १८९७ मध्ये वेल्बी कमिशनसमोर लंडनमध्ये साक्ष, १८९९ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात, मग कलकत्त्याला केंद्रीय कायदेमंडळात. आणि १९०२ मध्ये अर्थसंकल्पावरचं ते गाजलेलं पहिलं भाषण. सरकारचेच आकडे घेऊन सरकारला विचारलं, तिजोरीत शिल्लक पडतेय तर शेतकऱ्यावर आणि मिठावर एवढा कर कशाला?

त्याच वर्षी ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. पळून गेले नाहीत, कुणाचा विश्वासघात केला नाही. ठरलेलं पूर्ण केलं आणि पुढच्या कामाला लागले. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. 'आयुष्यभर' हा शब्द ऐकूनच आपल्या छातीत धडधडतं. त्यामुळे आपण सुरुवातच करत नाही. मुदत असली की माणूस उडी मारतो, आणि मुदत संपली की मान वर ठेवून दुसरीकडे जाऊ शकतो.

आणि पुढचं काम काय होतं? १२ जून १९०५. फर्ग्युसनच्या मागच्या टेकडीवर गोखल्यांनी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी शपथ घेतली आणि भारत सेवक समाज सुरू झाला. पुन्हा कागद, पुन्हा अटी. सदस्याने सात शपथा घ्यायच्या. स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवायची नाही, संस्था देईल त्यात कुटुंबाचं भागवायचं. पहिली पाच वर्षं प्रशिक्षण. आणि त्या सातांत एक शपथ आहे जी वाचून मी हसलो आणि मग गंभीर झालो. कुणाशीही वैयक्तिक भांडण करायचं नाही. १८९० चं ते प्रकरण ज्याने आतून बघितलंय, त्यालाच हे कलम सुचणार, असं आपलं माझं मत.

कोडच्या भाषेत सांगायचं तर गोखल्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं मॉडेल फोर्क केलं आणि त्यातला एक मोठा बग दुरुस्त करायचा प्रयत्न केला.

रिकाम्या खुर्चीत बसलेला माणूस

टिळक गेल्यावर फर्ग्युसनमध्ये गणिताची जागा रिकामी झाली. ती भरायला गोखल्यांनी कुणाला बोलावलं माहितीये? एल्फिन्स्टन कॉलेजातला त्यांचा ओळखीचा, मुंबईत शिकवण्या करून घर चालवणारा एक बुजरा माणूस. धोंडो केशव कर्वे. १८९१ मध्ये ते पुण्यात आले आणि तेही ७५ रुपयेवाल्या मंडळींत सामील झाले.

या यादीत नेता म्हणून सगळ्यात कमी शोभणारा माणूस हाच. भाषण येत नाही, चारचौघांत तोंड उघडायला लाजणार. शाळेत असताना परीक्षेसाठी मुरुडहून थेट साताऱ्याला चालत गेले आणि तिथे "वय लहान दिसतं" म्हणून परत पाठवलं. चालत गेलेत बरं का, ऐन पावसाळ्यात, घाट चढून! पण पुढच्या ७० वर्षांत जे उभं राहिलं ते बघितलं की वाटतं, करिश्मा वगैरे गोष्टींना आपण जरा जास्तच भाव देतो.

१८९१ मध्येच त्यांची पहिली बायको राधाबाई वारली. दुसरं लग्न करायचं तर एखाद्या अकरा-बारा वर्षांच्या मुलीशी, हीच रीत. त्यांनी ठरवलं, करेन तर विधवेशीच. ११ मार्च १८९३ ला गोदूबाईंशी लग्न झालं. लहानपणीच विधवा झालेल्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. लग्नानंतर नाव आनंदीबाई, पण सगळे म्हणायचे बाया. मुरुड गावाने बहिष्कार टाकला आणि त्याचा त्रास गावात राहणाऱ्या कर्व्यांच्या म्हाताऱ्या आईलाही झाला.

कर्व्यांनी विधवाविवाहाच्या प्रचारासाठी मंडळ काढलं. नाव विधवा-विवाहोत्तेजक मंडळी. दोन वर्षं फिरले आणि लक्षात आलं की लोकांना 'उत्तेजन' देऊन काही होत नाही. १८९५ मध्ये नाव बदलून विधवा-विवाह-प्रतिबंध-निवारक मंडळी केलं. म्हणजे लग्नं लावायची नाहीत, अडथळे दूर करायचे. तेही पुरेना. मग प्रश्न अजून खाली नेला. विधवेला लग्न करायचं की नाही हे ती ठरवेल, पण त्याआधी तिला स्वतःच्या पायावर उभं राहता येतंय का? १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू झाला.

तीन वर्षांत तीन वेळा काम बदललं, पण कुणासाठी करायचं ते बदललं नाही. 'ध्येयाला चिकटून राहा' असं आपल्याला सांगतात. कर्वे माणसांना चिकटून राहिले आणि पद्धत मात्र जमेना तशी सोडत गेले.

मग १८९७ पासून पुण्यात प्लेग. १९०० मध्ये आश्रम शहराबाहेर हिंगण्याला हलवला, रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी दिलेल्या सहा एकर माळावर. एक झोपडी बांधली. आणि कर्व्यांची ती प्रसिद्ध पायपीट सुरू झाली. दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं, संध्याकाळी बाजारातून आश्रमाचं सामान घ्यायचं आणि चालत हिंगण्याला. चिखल असो, काळोख असो.

मागच्या महिन्यात एका रविवारी मी हा रस्ता चाललो. फर्ग्युसनच्या गेटापासून डेक्कन, मग कर्वे रोड धरून कर्वेनगर. रस्त्याला त्यांचं नाव, भागाला त्यांचं नाव, आणि दोन्हीकडे ट्रॅफिक. मोबाईलवर बघितलं, सवा तास लागला. माझ्या पाठीवर फक्त पाण्याची बाटली होती. संस्थेच्या आवारात ती झोपडी अजून जपून ठेवलीय. इतकी लहान आहे की आपण तिथे उभे राहून आपोआप हळू बोलायला लागतो. परत मी रिक्षाने आलो, आणि येताना विचार करत होतो की चालताना त्यांच्या डोक्यात 'मी महान काम करतोय' असं काही नसेलच. पीठ आहे ना, तेल किती उरलंय, उद्याचा तास कुठल्या प्रकरणावर, हेच असणार.

१९०८ मध्ये कर्व्यांनीही तीच युक्ती वापरली. निष्काम कर्म मठ नावाने कार्यकर्त्यांचं मंडळ काढलं, स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य देणाऱ्यांचं, शपथ घेऊन. १९१४ मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त झाले आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून त्यांच्या मनात ते आलं होतं. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली आणि ते आजचं एसएनडीटी झालं. ७८ व्या वर्षी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ, ८६ व्या वर्षी जातिभेदाविरुद्ध समता संघ. १९५८ मध्ये वयाच्या शंभरीत भारतरत्न. १९६२ मध्ये गेले, १०४ वर्षांचे होऊन.

ज्यांनी सही केली नव्हती

आता तो भाग, ज्यासाठी मला खरं तर हा एपिसोड करायचा होता.

७५ रुपयांच्या करारावर सही पुरुषाची. पण ते ७५ पुरवायचे कुणी? घरात बसून ठरलेल्या आकड्यात पीठ, औषध, फी, पाहुणे बसवायचे कुणी?

बायांनी स्वतःचं आत्मचरित्र लिहिलंय, माझे पुराण. मिळवून वाचाच. त्यात महर्षी दिसत नाहीत, नवरा दिसतो. हातात येईल तो पैसा आश्रमाला देऊन टाकणारा, घरची ओढाताण बायकोवर सोडणारा. आणि एक जास्त खोल जखम होती. आश्रमात मुली पाठवणाऱ्या घरांचा विश्वास टिकावा म्हणून कर्व्यांनी आश्रम आणि पुनर्विवाह यांची फारकत केली. आश्रम विधवांना शिकवतो, त्यांची लग्नं लावत नाही, असं. व्यवहार म्हणून हे शहाणपणाचं होतं. पण त्याचा अर्थ काय झाला? ज्या बाईशी लग्न करून या माणसाने हे सगळं सुरू केलं, तीच पुनर्विवाहित म्हणून आश्रमात अडचणीची ठरली. ते हिंगण्यात आणि बाया मुलांना घेऊन पुण्यात, असे दिवस त्यांनी काढले. आश्रमही सुरुवातीला ब्राह्मण विधवांपुरताच होता, हेही नोंदवून ठेवू.

तरी बाया नुसत्या सोसत बसल्या नाहीत. त्यांनी स्वतःचं काम उभं केलं, आश्रमासाठी दारोदार वर्गणी गोळा केली. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा. आश्रमात शिकल्या, मग आश्रमाच्या सगळ्यात खंबीर कार्यकर्त्या झाल्या आणि १९१८ मध्ये इंग्रजी जेमतेम येत असताना एकट्या अमेरिकेला गेल्या.

हाच नमुना पुढे साताऱ्याकडे दिसतो. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत जेवायला बसवणारी वसतिगृहं चालवली. पुण्यातल्या त्या करारात जे दार बंद होतं, ते इथे उघडलं. आणि एकदा वसतिगृहात मुलांना जेवायला घालायला पैसे नव्हते तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रासकट. रयतमध्येही पुढे आजीव सेवक तयार झाले. त्या यादीत लक्ष्मीबाईंचं नाव कुठे शोधायचं?

म्हणून हल्ली "पर्पज" वगैरे शब्द ऐकले की मी पहिला प्रश्न विचारतो, याचा खर्च कुणाच्या खात्यातून जाणार आहे? आणि त्याला विचारलंय का? आगरकरांनी आईला निदान पत्र लिहिलं. आधी लिहिलं. तिला आवडलं नसेल, पण तिला अंधारात ठेवलं नाही.

मग आपण काय घ्यायचं?

मी तुम्हाला नोकरी सोडा म्हणत नाहीये. मीही सोडत नाहीये, उद्या सकाळी दहाला माझा रिलीज आहे! पण या मंडळींकडे बघून मला हे दिसलं.

त्यांनी 'मला किती पुरेल' हा आकडा ठरवला. छोटा, मोठा, तुमचा तुम्ही ठरवा, पण ठरवलाच नाही तर तो कायम पुढेच सरकत राहतो. त्यांनी मुदत ठेवली. तुम्हाला वीस वर्षं जमणार नाहीत, दोन वर्षं दर शनिवारी वस्तीतल्या मुलांना गणित शिकवणं जमेल. ते एकटे नव्हते, दोन-चार जणांसोबत होते आणि ते लोक हिशोब विचारायचे. काम जमेना तेव्हा त्यांनी पद्धत बदलली. आणि जिथे ते कमी पडले, म्हणजे घरच्यांना न विचारता त्यांच्या वतीने त्याग करून टाकणं, तिथे आपल्याला त्यांच्यापेक्षा बरं वागता येईल. तेवढी तरी दीडशे वर्षांत प्रगती व्हायला हरकत नाही.

चिपळूणकर ३१, आगरकर ३८, गोखले ४८, कर्वे १०४. किती वर्षं मिळणार हे यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. करार मात्र त्यांनी विशी-तिशीतच केला, म्हणजे तुमच्या-माझ्याच वयात.

तर एक गृहपाठ. आज रात्री एका कागदावर, हो, कागदावर, दोन आकडे लिहा. मला महिन्याला किती पुरेल, आणि एका कामाला मी किती वर्षं देऊ शकतो. मग तो कागद घरात ज्याच्यावर त्याचा परिणाम होणार आहे त्या माणसाला दाखवा. आई, बाबा, नवरा, बायको, जे कोण असेल ते. जे काही बोलणं होईल ते मला कळवा, नाव न घेता पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवेन.

पुढच्या भागात आपण फर्ग्युसनमध्येच थांबणार आहोत. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेला पहिला भारतीय, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. मुर्डीसारख्या कोकणातल्या खेड्यातून त्याला शिकायला पुढे आणणारे त्याचे आतेभाऊ म्हणजे आपले हेच कर्वे. हातात जगातली कुठलीही नोकरी होती, आणि हा गडी ७५ रुपयांवर परत आला. का आला, आणि घरचे काय म्हणाले, ते तेव्हा बोलू.

तोपर्यंत काळजी घ्या, आणि जमलं तर एखाद्या रविवारी कर्वेनगरपर्यंत चालून या. भेटूया!